'ऑफन'च्या कसोटीवर एटिमऑनलाइन

व्युत्पत्तिकोश पारखायचा असेल तर त्यात अवघड शब्द शोधू नये. लांबलचक ग्रीक-लॅटिन शब्दांचं कूळ बहुतेक कोश नीट सांगतात, कारण ते लेखी परंपरेतून जवळजवळ अखंड उतरलेलं असतं. कोशाचा कस लागतो तो रोजच्या वापरातल्या, झिजून गुळगुळीत झालेल्या लहान शब्दावर. इंग्रजीतला 'ऑफन' हा तसा शब्द. ओ-एफ-टी-ई-एन, अशी पाच अक्षरं. ऑक्सफर्डच्या विद्यार्थीकोशात त्याला ए-१, म्हणजे अगदी पहिली पातळी दिलेली आहे. तरीही त्याच्या पोटात तीन कोडी आहेत. शेवटचा 'एन' आला कुठून, मधला 'टी' उच्चारायचा की गिळायचा, आणि 'वारंवार' एवढा एकच अर्थ धरून भागतं का.

या तीन कोड्यांवर इथे मुख्यतः एटिमऑनलाइन तपासला आहे. 'ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी' हे त्याचं पूर्ण नाव. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातले डग्लस हार्पर यांनी तो बव्हंशी एकहाती उभा केला. वेबसाइट फुकट आहे, मोबाइलवर ॲपही आहे. थोडक्यात निकाल द्यायचा तर पहिल्या कोड्यात उत्तम गुण, दुसऱ्यात शून्य, तिसऱ्यात काठावर पास. पहिल्या कोड्यातले गुण मात्र असे आहेत की बाकीचं सहज माफ करावं.

आधी शोधण्याबद्दल. चौकटीत शब्द टाकला की त्या शीर्षशब्दाबरोबर, ज्यांच्या मजकुरात तो शब्द आला आहे अशा इतर नोंदीही यादीत येतात. 'ऑफन' तर कोशकाराच्या स्वतःच्या गद्यातच ठायी ठायी असतो, त्यामुळे यादी विनाकारण फुगते. शीर्षशब्द हुबेहूब तोच आहे आणि त्यापुढे क्रियाविशेषणाची खूण आहे, एवढं पाहून ती नोंद उघडावी. लगेच शेजारची 'ऑफ्ट'ची, म्हणजे याच शब्दाच्या जुन्या, आखूड रूपाची नोंदही उघडावी, कारण खरा इतिहास तिथे आहे. फक्त 'ऑफन' वाचून बाहेर पडणाऱ्याला अर्धीच गोष्ट कळते.

नोंद लहान आहे, पण तिच्यातला प्रत्येक तुकडा कामाचा आहे. 'ऑफन' हे 'ऑफ्ट'चं वाढवलेलं रूप, तेराव्या शतकाच्या मध्यापासून सापडणारं. सुरुवातीला ते स्वरापूर्वी आणि 'एच'पूर्वी यायचं. हा 'एन' चिकटला तो बहुधा विरुद्धार्थी 'सेल्डम'च्या प्रभावामुळे. सोळाव्या शतकापासून हे रूप सर्रास झालं आणि त्याने 'ऑफ्ट'ला मागे टाकलं. नोंदीत याहून फारसं काही नाही, पण हे सगळं समजून घ्यायचं तर एकेक तुकडा उलगडावा लागतो. ते काम कोश वाचकावर सोडतो.

तारखेपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. एटिमऑनलाइनवर 'मिड-१३सी' असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ तेराव्या शतकाचा मध्य, म्हणजे १२५० च्या आसपास. पुष्कळ वाचक हे १३५० असं वाचतात आणि शंभर वर्षांनी चुकतात. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. हे साल शब्दाच्या जन्माचं नसून टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या लेखी पुराव्याचं असतं. बोलण्यात शब्द त्याआधी शेकडो वर्षं असू शकतो, विशेषतः १७०० पूर्वीच्या शब्दांबाबत ही साल-गणना ढोबळच समजावी, असं कोशाने स्वतःच प्रस्तावनेत सांगून ठेवलं आहे. प्रस्तावना कुणी वाचत नाही, ही निराळी गोष्ट. तिसरं, हे साल फक्त 'एन' लागलेल्या रूपाचं आहे. मूळ 'ऑफ्ट' इंग्रजीत लेखन सुरू झालं तेव्हापासून आहेच. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्याच्या चौथ्या ओळीचा पहिलाच शब्द 'ऑफ्ट' आहे. तेव्हा "हा शब्द इंग्रजीत तेराव्या शतकात आला" असं कुणी या नोंदीच्या हवाल्याने लिहिलं, तर त्याने नोंद वाचली, पण तिचा अर्थ लावला नाही.

आता स्वर आणि 'एच' यांचा मुद्दा. मध्ययुगीन इंग्रजीत या शब्दाचं रूप 'ऑफ्टे' असंही होतं, शेवटी हलका 'ए' स्वर घेऊन. पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की दोन स्वर एकमेकांना भिडत आणि पहिला गळून जाई. मध्ये 'न' आला की जोड सुटसुटीत होते. आजच्या इंग्रजीत 'अ' आणि 'ॲन' यांची जी वाटणी आहे, किंवा जुन्या इंग्रजी कवितेत 'माय'ऐवजी स्वरापूर्वी 'माइन' येतं, त्यामागे हीच सोय आहे. 'एच'चा त्या काळातला उच्चार पुष्कळ ठिकाणी इतका क्षीण होता की तोही स्वरासारखाच वागे. म्हणून 'ऑफ्टे' आणि 'ऑफन' ही सुरुवातीला एकाच शब्दाची, जागा पाहून वापरायची दोन रूपं होती. पुढे जागेचा हा हिशेब विसरला गेला आणि लांब रूप सगळीकडे पसरलं.

आणि मग 'सेल्डम'. हा भाग खरोखर बहारीचा आहे. जुन्या इंग्रजीत 'क्वचित' या अर्थी 'सेल्डन' होतं. जर्मनमधला 'झेल्टन' आणि डचमधला 'झेल्डन' हे त्याचे सख्खे. मध्ययुगीन इंग्रजीत ते 'सेल्डेन' झालं. 'ऑफ्ट' आणि 'सेल्डेन' ही जोडी बोलण्यात कायम समोरासमोर येणारी. अशा जोडीतला एक शब्द दुसऱ्याचा साज उचलतो. फ्रेंचमधून आलेल्या 'फमेल'ला इंग्रजीने 'मेल'च्या धर्तीवर 'फीमेल' केलं, ते असंच. 'ऑफ्ट'नेही 'सेल्डेन'ची शेपटी लावून घेतली. गंमत पुढे आहे. जुन्या इंग्रजीच्या अखेरीसच 'सेल्डन'चं 'सेल्डुम' असं दुसरं रूप दिसू लागलं होतं. कारण 'उम' हा अनेकवचनी विभक्तिप्रत्यय लागून बनलेली क्रियाविशेषणं तेव्हा भाषेत होती. 'कधीकाळी' या अर्थाचं 'हवीलुम', म्हणजे पुढचं 'व्हायलम', त्यातलंच. त्यांच्या चालीवर 'सेल्डन' वळलं आणि अखेर तेच रूप टिकलं. ज्याने 'ऑफन'ला 'एन' उसना दिला त्याने स्वतःचा 'एन' टाकून 'एम' घेतला. आजची रूपं शेजारी ठेवली तर देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा काही संबंध असेल असं वाटत नाही. एटिमऑनलाइनवर 'सेल्डम'ची नोंद एका टिचकीवर आहे आणि ही सगळी साखळी तिथे जोडून वाचता येते. पहिल्या कोड्यातले गुण याचे.

हा 'एन' इंग्रजीतल्या बाकीच्या 'एन'हून वेगळा आहे, हेही ध्यानात ठेवावं. 'सॉफन', 'हार्डन' यांतला 'एन' विशेषणाचं क्रियापद करतो. 'गोल्डन', 'वुडन' यांतला 'एन' कशाचं बनलेलं ते सांगतो. 'ऑफन'मधला 'एन' काहीच करत नाही. तो नसलेल्या 'ऑफ्ट'चा अर्थही तोच. स्पेलिंग पाहून 'ऑफ' अधिक 'टेन', म्हणजे 'दहापैकी', असा विग्रह करण्याचा मोह होतो. जुन्यात जुन्या रूपात 'एन'च नाही म्हटल्यावर तो विग्रह जागीच कोसळतो.

'ऑफ्ट'च्या मागे गेलं की वाट लवकर संपते. गॉथिकमध्ये 'उफ्टा', जुन्या नॉर्सेत 'ऑप्ट', जुन्या फ्रिझियनमध्ये 'ऑफ्टा', डॅनिशमध्ये 'ऑफ्टे', जर्मनमध्ये आजही 'ऑफ्ट'. गॉथिकचा पुरावा वुल्फिलाने चौथ्या शतकात केलेल्या बायबलच्या भाषांतरातून येतो, म्हणून तो या मेळ्यातला सर्वांत जुना. या सगळ्यांवरून 'उफ्टा' असं आदिजर्मॅनिक, म्हणजे या सगळ्या भाषांच्या समान पूर्वज भाषेतलं, रूप मांडतात आणि त्याच्या आधी तारका लावतात. तारका म्हणजे हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, तुलनेवरून बांधलेलं आहे. त्यापलीकडचं मूळ निश्चित नाही. एटिमऑनलाइन तिथे सरळ हात वर करतो, आणि हा गुणच म्हणायचा. फुकटच्या कोशांत अज्ञाताच्या जागी काहीतरी भरून देण्याची खोड फार.

मग खटकतं काय? पुरावा दिसत नाही. 'बहुधा सेल्डमच्या प्रभावामुळे' हे वाचल्यावर तो 'बहुधा' कशावरून, हे पाहायला एकही अवतरण नाही. संदर्भग्रंथांची यादी साइटवर वेगळ्या पानावर आहे, पण या नोंदीतलं कुठलं वाक्य कुठल्या ग्रंथावरून घेतलं, ते कळत नाही. उच्चार दिलेलाच नाही, म्हणून दुसऱ्या कोड्यात शून्य. अर्थही एका ओळीत उरकलेला. नोंदीखाली वापराचा आलेख असतो. तो गूगल बुक्सच्या एनग्रामवरून, म्हणजे छापील पुस्तकांत शब्द किती वेळा आला हे मोजणाऱ्या सोयीवरून, घेतलेला आहे आणि एनग्राम बहुधा भरवशाचे नसतात, असं कोशाने स्वतःच तिथे बारीक अक्षरात लिहून ठेवलं आहे. आलेख द्यायचा आणि त्यावर विसंबू नका म्हणायचं, हा प्रकार विनोदी असला तरी प्रामाणिक आहे.

त्या आलेखाबद्दल थोडं अधिक, कारण 'ऑफ्ट' आणि 'ऑफन' यांची तुलना करायला बरेच जण थेट एनग्रामवर जातात. तिथे मोठ्या-लहान लिपीतली रूपं वेगळी मोजली जातात, म्हणून वाक्यारंभीचा 'ऑफन' गळतो. तो हवा असेल तर लिपीभेद न पाळण्याचा पर्याय निवडावा लागतो. दुसरं, जोडरेघेचे शब्द तिथे तोडून मोजतात. 'ऑफ्ट-कोटेड', 'ऑफ्ट-रिपीटेड' यांतला 'ऑफ्ट' सुटा धरला जातो. आधुनिक गद्यात 'ऑफ्ट' जगला आहे तो प्रामुख्याने अशा जोडशब्दांतच. त्यामुळे विसाव्या शतकातली त्याची रेषा पाहून "लोक अजून 'ऑफ्ट' म्हणतात" असा निष्कर्ष काढला तर तो फसवा ठरेल. आलेखाची सुरुवात सहसा १८०० पासून दाखवलेली असते, आणि 'ऑफन'ने 'ऑफ्ट'वर मात केली ती त्याच्या कितीतरी आधी. म्हणजे ज्या लढाईचा निकाल पाहायचा, ती पडद्यावर येतच नाही.

पुरावा हवा असेल तर मिशिगन विद्यापीठाचा 'मिडल इंग्लिश डिक्शनरी' उघडावा. १९५२ ते २००१ या काळात तो छापून पूर्ण झाला आणि आता सगळाच्या सगळा फुकट वाचता येतो. दिसायला रूक्ष आहे. पहिल्यांदा उघडणारा दचकतो. पण 'ऑफन' स्वरापूर्वी येतो हे कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवून मानायची गरज उरत नाही, कारण ओळीच्या ओळी समोर असतात. पुढचा शब्द कशाने सुरू होतो ते आपणच पाहावं. शोधताना एकाच स्पेलिंगवर अडून राहू नये. तेव्हा स्पेलिंग स्थिर नव्हतं, शेवटच्या 'एन'मधला स्वर कुठे 'आय', कुठे 'वाय' असाही लिहिला जाई. 'ऑफ्ट' आणि 'ऑफन' दोन्ही रूपांनी शोधावं.

तिथली सालं वाचायची एक रीत आहे. आकड्याआधी 'सी' असेल तर 'सुमारे', 'ए' असेल तर 'त्याच्या आधी'. ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरं आहेत. पुष्कळ ठिकाणी दोन सालं दिसतात, एक बाहेर आणि एक कंसात. बाहेरचं असतं आपल्या हाती असलेल्या हस्तलिखिताचं, कंसातलं मूळ रचनेचं. एखादी रचना तेराव्या शतकातली, पण तिची हाती असलेली प्रत चौदाव्या शतकातली, असं सर्रास आढळतं. मग त्या प्रतीतला 'एन' मूळ कवीचा की नक्कलकाराचा? कोश कुठलं साल धरतो त्यावर शब्दाचं वय पन्नास-शंभर वर्षांनी हलतं. दोन नावाजलेल्या कोशांत एकाच शब्दाची वेगवेगळी शतकं दिसली, तर एक चुकला असं समजण्याआधी हे पाहावं.

तेराव्या शतकाच्या मागे जायला बॉसवर्थ-टोलर. जुन्या इंग्रजीचा हा कोश १८९८ चा, पुरवणी १९२१ ची, आणि प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाने तो संगणकावर आणून खुला केला आहे. तिथे 'ऑफ्ट'ची तरतम रूपंही भेटतात, 'ऑफ्टोर' आणि 'ऑफ्टोस्ट'. म्हणजे आज काहीसं अवघडलेलं वाटणारं 'ऑफनर' हे नवं खूळ नव्हे. आजच्या वापरात 'मोअर ऑफन' रूढ आहे एवढंच.

विक्शनरीबद्दल लोकांच्या मनात उगाच अढी असते. या शब्दापुरतं बोलायचं तर तिथली व्युत्पत्ती एटिमऑनलाइनशी जुळते, 'सेल्डेन'चा दाखलाही आहे, शिवाय आदिजर्मॅनिक रूपाचं स्वतंत्र पान आहे आणि त्याच्या सगळ्या वंशजांची शाखावार यादी मिळते. ती एटिमऑनलाइनवर तशी मिळत नाही. सावधगिरी दोन बाबतींत बाळगावी. एकाच पानावर अनेक भाषांच्या नोंदी एकाखाली एक असतात. 'ऑफ्ट'च्या पानावर इंग्रजी, जर्मन, जुनी इंग्रजी असे विभाग आहेत, आणि घाईत खाली सरकलं की जर्मनचा उच्चार इंग्रजीच्या नावावर खपतो. भाषेचं शीर्षक पाहूनच वाचावं. आणि पान कुणीही बदलू शकतो, म्हणून एखादं विधान पुढे वापरायचं असेल तर इतिहासाची खिडकी उघडून ते केव्हा घातलं गेलं आणि त्याला आधार दिला आहे का, ते बघावं. मरियम-वेबस्टर हा अमेरिकन कोश या शब्दापाशी फार कंजूष आहे. 'ऑफ्ट'चं बदललेलं रूप, एवढं सांगून गप्प.

दुसऱ्या कोड्यासाठी, म्हणजे 'टी'साठी, सर्वांत समाधानकारक उत्तर 'अमेरिकन हेरिटेज' कोशाच्या वापर-टिपेत आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्रजीने जोडव्यंजनांच्या गर्दीतून काही व्यंजनं गाळली. 'हँडसम'मधला 'डी', 'रास्पबेरी'मधला 'पी', 'चेस्टनट'मधला पहिला 'टी', आणि 'ऑफन'मधलाही. 'लिसन', 'फासन', 'सॉफन', 'कासल' यांतही 'टी' लिहितात, बोलत नाहीत. एकोणिसाव्या शतकात शाळा वाढल्या, वाचणारे वाढले, आणि डोळ्यांना दिसणारं अक्षर तोंडात परत येऊ लागलं. 'ऑफ्टन' हा उच्चार असा स्पेलिंगवरून परतलेला आहे. तो अडाणीपणाचाही नाही आणि जास्त शुद्धही नाही. आज दोन्ही चालतात. १९२६ साली हेन्री फाउलर यांनी आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात 'टी' म्हणणाऱ्यांची चांगलीच खिल्ली उडवली होती. एका बाजूला अतिशुद्ध बोलण्याचा आव आणणारे विद्वान आणि दुसऱ्या बाजूला आपल्याला स्पेलिंग येतं हे दाखवू पाहणारे अर्धशिक्षित, अशी मोट त्यांनी बांधली. शेरा झणझणीत असला तरी काळाने तो मागे टाकला. मात्र 'ऑफ्टन' म्हणणारेही 'सॉफ्टन' म्हणताना सहसा आढळत नाहीत. त्या शब्दात 'सॉफ्ट' स्पष्ट ऐकू येत असताना त्याचा 'टी' परतू नये आणि 'ऑफ्ट' विस्मरणात गेलेल्या शब्दाचा परतावा, याचं नीट कारण कुठलाही कोश देत नाही.

तिसऱ्या कोड्यासाठी व्युत्पत्तिकोश सोडून विद्यार्थीकोशाकडे जावं लागतं. एटिमऑनलाइनला इथे काठावर पास केलं ते यासाठी. ऑक्सफर्डच्या विद्यार्थीकोशात 'ऑफन'चे दोन अर्थ वेगळे केलेले आहेत. एक, अनेक वेळा. दोन, अनेक बाबतींत. फरक दिसायला बारीक, भाषांतरात मात्र जबर. 'ओल्ड ब्रिजेस आर ऑफन नॅरो' या वाक्यात कुठलाच पूल वारंवार अरुंद होत नाही. पुष्कळसे जुने पूल अरुंद असतात, एवढंच म्हणायचं आहे. इथे 'वारंवार' किंवा 'नेहमी' ठेवलं की वाक्य हास्यास्पद होतं. 'बहुतेकदा' किंवा 'पुष्कळसे' लागतं. ओळखायची खूण सोपी आहे. क्रियापद घडणाऱ्या गोष्टीचं असेल तर मोजणी वेळांची. क्रियापद स्थितीचं असेल आणि कर्ता अनेकवचनी असेल, तर मोजणी बहुधा वस्तूंची. यंत्रानुवाद या दुसऱ्या प्रकारात अडखळला तर नवल नाही.

'हाउ ऑफन' विचारलं की 'पुष्कळदा' ही छटा उरतच नाही. प्रश्न फक्त किती वेळा एवढाच असतो, आणि 'नेव्हर' हे त्याचं पूर्ण रास्त उत्तर. 'एव्हरी सो ऑफन' म्हणजे अधूनमधून. 'एव्हरी' पाहून 'प्रत्येक वेळी' असा अर्थ घेणारे फसतात. 'मोअर ऑफन दॅन नॉट' म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा, म्हणजे व्यवहारात 'सहसा'. 'ॲज ऑफन ॲज नॉट' त्याहून किंचित खाली, निम्म्याच्या आसपास. हे वाक्प्रचार एटिमऑनलाइनवर शोधण्यात वेळ घालवू नये.

त्याच्याकडे काय शोधावं? वारंवारता सांगणाऱ्या शब्दांचं अख्खं कुटुंब. तिथे तो पुन्हा रंगात येतो. 'ऑल्वेज'च्या नोंदीत 'एआल्ने वेग', म्हणजे शब्दशः 'सगळी वाट', हे द्वितीया विभक्तीतलं पद भेटतं. अंतराचा शब्द काळाला लागला, आणि शेवटचा 'एस' हा नंतर चिकटलेला षष्ठीचा प्रत्यय. तोच षष्ठीचा 'एस' 'वन्स'मध्ये आहे. तिथे 'सीई' हे स्पेलिंग आलं ते 'स'चा उच्चार 'झ'कडे वळला नाही हे दाखवायला. 'नेव्हर' म्हणजे नकाराचा 'ने' अधिक 'एव्हर', आणि 'एव्हर'चं जुनं रूप 'अॅफ्रे' इतर जर्मॅनिक भाषांत कुठेच नाही, म्हणून त्याच्या मुळाशी पुन्हा प्रश्नचिन्ह. 'फ्रीक्वेंटली', 'रेअरली', 'यूज्वली' ही तिन्ही लॅटिन घराण्यातली. 'फ्रीक्वेन्स'चा मूळ अर्थ गर्दीने भरलेलं. एका नोंदीतून दुसरीत अशा उड्या मारत वाचायला हा कोश इतरांपेक्षा सरस आहे, यात वाद नाही.

राहिला थोरला, ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. त्याची पूर्ण नोंद आणि अवतरणं पाहायला वर्गणी लागते. ब्रिटनमधल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या सभासदांना ग्रंथालयाच्या कार्डावर तो उघडता येतो, विद्यापीठांतही पुष्कळदा सोय असते. नुसत्या 'ऑफन'साठी पैसे मोजण्याचं कारण नाही. पण मोजलेच, तर या शब्दापुरते ते वाया जात नाहीत, आणि त्याला कारण आहे. तिसऱ्या आवृत्तीचं पुनर्लेखन २००० साली 'ए'पासून नव्हे, 'एम'पासून सुरू झालं आणि पुढे सरकलं. त्यामुळे 'ओ'च्या नोंदी लवकर नव्याने लिहिल्या गेल्या. कोशात कुठल्याही शब्दाची नोंद वाचताना ती केव्हा सुधारली हे आधी पाहावं. काही नोंदींत अजून शंभर वर्षांपूर्वीचा मजकूर असतो.

वर्गणी नको असेल तर पहिली आवृत्ती आहे. ती १८८४ ते १९२८ या काळात भागाभागांनी निघाली. 'ओ' आणि 'पी' ही अक्षरं असलेला सातवा खंड १९०९ चा. त्याची स्कॅन केलेली पानं फुकट मिळतात. अवतरणं भरपूर आहेत आणि 'ऑफ्ट', 'ऑफन', 'ऑफनटाइम्स' एकापाठोपाठ वाचता येतात. अडचण एकच येते, उच्चाराची. आज ओळखीची असलेली आंतरराष्ट्रीय उच्चारचिन्हं या कोशात १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. पहिल्या आवृत्तीत संपादक जेम्स मरे यांनी स्वतः बसवलेली पद्धत आहे, तेव्हा आधी चिन्हांची किल्ली पाहून घ्यावी आणि मगच 'टी'चा निवाडा करावा.